पेनविकची वाक्यं कुणाकडे नाहीत

काका, रविवारी आम्ही नऊजण चर्चच्या तळघरातल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये जमलो आणि तुमच्याशिवाय तुमचं नाटक जुळवायला बसलो. तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले होते. खुर्च्या तुम्ही लावायचात तशाच गोल लावल्या. तुमची मोकळी ठेवायची की काढायची यावर जरा कुजबुज झाली, मग कुणीतरी तिच्यावर आपला कोट टाकला आणि प्रश्न मिटला. मी तुमच्यावर इतकी चिडलेली होते की रडायचं राहूनच गेलं होतं.

चिडायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. दोन तासांचं नाटक, प्रयोग पाच आठवड्यांवर, आणि संपूर्ण संहिता जगात कुणाकडेही नाही. लॅपटॉपवर नाही, मेलमध्ये नाही, कपाटात नाही. तुमच्या मुलीनं, रियानं, सगळं घर उलटंपालटं केलं बिचारीनं. आमच्याकडे होती ती फक्त आपापली नक्कल. नक्कल म्हणजे काय हे ऑफिसमधल्या लोकांना समजावताना माझी दमछाक होते. नटाला अख्खं नाटक द्यायचंच नाही. त्याला त्याची वाक्यं द्यायची, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे तीन शब्द. ते तीन शब्द कानावर पडले की आपण तोंड उघडायचं. जुन्या नाटक मंडळ्या असंच करत, कारण सगळं हातानं उतरवून काढायला लागायचं. तुमच्या घरात मात्र चांगला चालता प्रिंटर होता.

शिकागोत आल्यावर पहिल्याच वर्षी मी तुम्हाला भेटले ते महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. नागपूरला कॉलेजात नाटकं केली आहेत, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. तुम्ही पुढच्या आठवड्यात मला कागदाच्या चार पट्ट्या आणून दिल्यात. अक्षर असं की छापल्यासारखं. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतात, हे मला नंतर कळलं. मी विचारलं, बाकीचं नाटक कुठे आहे? तुम्ही शांतपणे म्हणालात, ते दुसऱ्यांचं आहे. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की एक चक्रम म्हातारा भेटलाय.

त्या चक्रमपणाचं मूळ मला कळलं ते ल्यूथर पेनविक भेटल्यावर. म्हणजे तो मरून शंभरावर वर्षं झालेली, पण तुम्ही त्याच्याबद्दल असं बोलायचात की तो डेव्हन ॲव्हेन्यूवर तुमच्या वरच्या मजल्यावर राहत असावा. तुम्ही कंपनीच्या कामासाठी मिसिसिपीच्या काठच्या एका छोट्या गावात गेला होतात. एका जुन्या इमारतीतली लिफ्ट बदलायची होती. खाली धान्याची वखार, वर बंद पडलेलं नाटकगृह. तिकडच्या प्रत्येक गावात तेव्हा अशा जागेला ऑपेरा हाउस म्हणायचे, तिथे ऑपेरा कधी झाला नसला तरी. लिफ्टची जुनी रेखाचित्रं मिळतात का बघायला तुम्ही गावच्या इतिहास संग्रहालयात गेलात आणि तिथल्या मार्गारेटबाईंनी तुमच्यापुढे चुकीची पेटी उघडली. तिच्यात पेनविकच्या नाटक मंडळींच्या कागदांच्या शेकडो अरुंद पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एकाच माणसाची वाक्यं आणि त्यांच्या आधी एक रेघ ओढून दोन-तीन सुटे शब्द. तुम्ही मिरजेला लहानपणी एका म्हाताऱ्या नटाच्या ट्रंकेत हेच पाहिलं होतं. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "अरे, ही तर नक्कल." आणि मटकन खाली बसलात. मार्गारेटबाईंना वाटलं तुमच्या छातीत दुखतंय. त्यांनी तुम्हाला पाणी पाजलं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला निघाल्या.

पुढची सोळा वर्षं तुम्ही त्या पेटीत काढलीत आणि त्यातूनच पेनविकवरचं हे नाटक निघालं. त्यातली शेवटची नऊ मी तुमच्याबरोबर काढली, कारण तुमची नजर अधू झाली आणि हायवेवर गाडी चालवायला रियानं बंदी घातली. शनिवारी तुम्हाला घ्यायला डेव्हनवर यायचं म्हणजे पार्किंगसाठी तीन चकरा. तुम्ही मात्र फरसाणाची पिशवी घेऊन फुटपाथवर आधीच उभे. गाडी गावाबाहेर पडून दोन्हीकडे मक्याची शेतं लागली की पेनविक सुरू व्हायचा.

मला त्याचं सगळं आयुष्य पाठ आहे, तुमच्यामुळे. तरुणपणी तो छापखान्यात जुळारी होता. नाटकांच्या स्वस्त पुस्तिकांचे खिळे जुळवता जुळवता नाटकं त्याला पाठ झाली, आणि तीही उलट्या अक्षरांत. एका फिरत्या कंपनीचा नट हिवतापानं आडवा झाला तेव्हा हा छापखान्यातून थेट रंगमंचावर गेला, हाताला शाई तशीच. मग बोटीवरून गावोगाव. वखारीत प्रयोग, कोठारात प्रयोग, एकदा तर अर्धवट बांधलेल्या तुरुंगात. लोक खूश झाले की पाय आपटायचे आणि नाही झाले की सफरचंदं मारायचे. यादवी युद्धानंतर त्यानं स्वतःची मंडळी उभी केली, ते धान्याच्या वखारीवरचं नाटकगृह बांधलं आणि मालक, दिग्दर्शक, राजा आणि पडदा ओढणारा अशी सगळी कामं एकट्यानं केली. ते नाटकगृह एकदा पूर्ण जळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या मंडळींनी घोड्यांच्या पागेत, अंगावरच्या कपड्यांत, ठरलेलाच प्रयोग केला. राजानं खाटकाचा एप्रन घातला होता आणि कुणी हसलं नाही. हे सांगताना तुमचा आवाज दर वेळी बसायचा. मी मुद्दाम रस्त्याकडे बघत राहायचे.

त्याच्यातलं वाईटही तुम्ही झाकलं नाहीत. काळ्या प्रेक्षकांना तो मागच्या जिन्यानं वर बसवायचा. मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं की हा प्रवेश कशाला, दिवाळीचा कार्यक्रम आहे. तुम्ही म्हणालात, जिना आजही तिथे आहे, मी त्याची मापं घेतली आहेत. प्रवेश राहिला. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता, पण सांगितलं नाही, कारण त्याच आठवड्यात आपलं एलायझावरून वाजलं होतं. एलायझा म्हणजे पेनविकची बायको, त्याच्या कंपनीची मुख्य नटी आणि माझी भूमिका. मिसिसिपीच्या काठावरची बाई नवऱ्याला अहोजाहो करते, हे माझ्या पचनी पडेना. तुम्ही म्हणालात, तू तिचं इंग्रजी ऐकलंयस का? मी म्हटलं, तुम्ही ऐकलंयत? तुम्ही म्हणालात, हो, रोज.

खरं भांडण मात्र वेगळंच होतं आणि ते नऊ वर्षं चाललं. गावच्या जुन्या वर्तमानपत्राच्या मायक्रोफिल्ममध्ये ती बातमी मलाच सापडली होती. पेनविक राजाच्या भूमिकेत मोठं भाषण करताना मध्येच गप्प झाला. इतका वेळ गप्प राहिला की लोकांना तो अभिनय वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो पुन्हा कधी रंगमंचावर आला नाही. पुढची अकरा वर्षं प्रत्येक प्रयोगाला विंगेत एका स्टुलावर, मांडीवर अख्खं नाटक घेऊन बसला. माझं म्हणणं सरळ होतं. माणूस विसरायला लागला, लाजला आणि आडोशाला जाऊन बसला. तुम्हाला हे अजिबात मान्य नव्हतं. तुमचं म्हणणं, लाजलेला माणूस अकरा वर्षं रोज त्याच जागी येऊन बसत नाही. त्याच्या मंडळींची पत्रं तुम्ही मला वाचून दाखवायचात. तो विंगेत बसला की आमचं एक अक्षर चुकत नाही, असं त्यांनी घरी लिहिलेलं होतं. मी म्हणायचे, मालकाबद्दल लोक चांगलंच लिहितात.

"तुला माणसात आधी बिघाड दिसतो," तुम्ही म्हणालात.

"सॉफ्टवेअर टेस्टर आहे मी, काका. तेच काम आहे माझं."

यावर तुम्ही हसलात आणि शेवेचा पुडा माझ्यापुढे केलात. असं शंभरदा झालं असेल. तुमच्याशी भांडून मी कधी थकले नाही, एवढं मात्र खरं. आईबाबांना नागपूरला फोन केला की मी सगळ्याला बरं बरं म्हणते. भांडायला या देशात मला एक माणूस मिळाला होता.

आता त्या शेवटच्या तालमीचं. दुसऱ्या अंकात तुमचा पेनविक आगीच्या बातमीवर बोलत असतो, आणि तुम्ही थांबलात. आम्हाला आधी वाटलं, तुम्ही मुद्दाम थांबून जागा घेताय. मग तुमचा उजवा हात हवेत काहीतरी शोधल्यासारखा हलला, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम आपापले कागद चाळले. कुणाकडेच तुमचं वाक्य नव्हतं. नकलेच्या पद्धतीतली ही गोम तोपर्यंत कुणाच्या लक्षातच आली नव्हती. आम्ही अडखळलो की तुम्ही सांगायचात. तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, कारण तुमच्याशिवाय ती वाक्यं कुणी पाहिलीच नव्हती. नऊ माणसं उभी होती आणि एकालाही एक शब्द पुरवता येत नव्हता. मेधाकाकूंनी तुम्हाला पाणी दिलं. दोन मिनिटांनी तुम्हाला आठवलं आणि तुम्ही काहीच झालं नाही अशा सुरात प्रवेश पूर्ण केलात.

मला धीर धरवला नाही. सगळ्यांसमोर बोलले. "काका, काहून असं करता? आता तरी नाटक टाइप करून द्या. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

तुम्ही म्हणालात, "मला काही झालं तर नाटक तुमच्याकडेच आहे."

"आमच्याकडे तुकडे आहेत."

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. दर रविवारी मी तुम्हाला घरी सोडायचे. त्या दिवशी मी आपल्या नाटकातल्या समीरला सांगितलं, तू सोड आज काकांना, आणि कोट चढवून निघाले. येते, असंही म्हटलं नाही. गुरुवारी सकाळी रियाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "वैशाली मावशी, बाबा इज गॉन. हार्ट." मी मीटिंगमध्ये होते. पुढचा अर्धा तास मी त्या मीटिंगमध्ये प्रश्नही विचारले म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही.

तर परवाचा रविवार. समीरनं लॅपटॉप उघडला. त्याचा बेत तयार होता. सगळ्यांचे पार्ट स्कॅन करू, एआयला देऊ, तो पेनविकचे डायलॉग भरून देईल, ईझी आहे यार, लँग्वेज पण सेम ठेवेल. दोघातिघांनी मान हलवली. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं की बरं होईल. मग मेधाकाकू म्हणाल्या की आधी आहे ते तर वाचू. समीरनं लॅपटॉप बाजूला ठेवला.

आम्ही वाचायला लागलो. ज्याचं वाक्य त्यानं वाचायचं. पेनविकची जागा आली की सगळे गप्प. मग ज्याचं पुढचं वाक्य असेल त्यानं आपल्या नकलेत लिहिलेले तुमचे तीन शब्द मोठ्यानं म्हणायचे आणि उत्तर द्यायचं. सुरुवातीला सगळं फार विचित्र वाटत होतं. एका बाजूनं फोनवर बोलणाऱ्या माणसाचं ऐकावं तसं. पहिला अंक संपेपर्यंत मात्र हॉलमध्ये काहीतरी झालं होतं. आगीच्या प्रवेशात समीरनं तुमचे तीन शब्द वाचले, "कपडे कुणाचे उरलेत?" आणि मग स्वतःचं वाक्य, "अंगावरचे, साहेब. तेवढेच." लगेच मेधाकाकूंनी तुमचे पुढचे तीन शब्द वाचले, "मग तेच चालतील," आणि त्या कोट टाकलेल्या खुर्चीकडे बघायला लागल्या. त्या तीन शब्दांआधी तुम्ही काय काय बोलायचात ते आम्हाला तालमीत ऐकलं होतं तेवढं आठवत होतं आणि नव्हतं आठवत तिथेही अडत नव्हतं. प्रत्येक उत्तर तुम्ही असं लिहिलं होतंत की त्यातून प्रश्न कळत होता. काका, मी सतरा वर्षं कोड तपासतेय. इतकं कुठेही न फाटणारं काम मी पाहिलेलं नाही. नऊ जणांच्या कागदांतून दोन तासांचं नाटक उभं राहिलं आणि एक सांधा सुटला नाही. तुम्ही हे सगळं डोक्यात घेऊन बसनं भाजी आणायला जायचात, आणि मी त्याला तुकडे म्हटलं होतं.

रिया कोपऱ्यात बसली होती. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. ती म्हणाली, "सो बाबाच्या लाइन्स तुमच्या सगळ्यांकडे आहेत. जस्ट द एंडिंग्ज." समीरनं लॅपटॉप बॅगेत टाकला.

आणि मग आम्ही अडकलो. शेवटचा प्रवेश तुम्ही दिलाच नव्हता. शेवटच्या आठवड्यात देतो, म्हणाला होतात. तोच प्रवेश, पेनविक रंगमंच सोडतो तो. ज्यावरून आपण नऊ वर्षं भांडलो त्याचा निकाल तुम्ही काय लावलात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, हे नाटक असंच अर्धं राहणार.

रिया उठून गाडीपर्यंत गेली आणि ड्रॉइंग ठेवायची एक लांब नळी घेऊन आली. दारामागे होती म्हणाली, लिफ्टची ड्रॉइंग्ज असतील असं तिला वाटलं होतं. ती पालथी केली तर बारीक दोऱ्यांनी बांधलेल्या नऊ सुरळ्या पडल्या. प्रत्येकीवर तुमच्या त्या अक्षरात नाव. आम्ही नऊजण होतो. दहावी सुरळी नव्हती, आम्ही नळी आपटून आपटून पाहिली.

माझी सुरळी मी सोडली. सगळ्यात वर रेघ आणि तुमचे तीन शब्द. "विसरायला लागलोय, एलायझा."

काका, मी ते दोनदा वाचलं. नऊ वर्षं मी जे म्हणत होते ते तुम्ही स्वतःच्या तोंडी घेतलं होतंत. आणि त्याखाली माझं उत्तर होतं. मेधाकाकू म्हणाल्या, वाच गं. मी वाचलं.

"मग विसरा. अहो, तुम्ही तिथे बसून ऐकता म्हणून आम्हाला आमचं आठवतं. आज बसा, उद्याही येऊन बसा. एवढंच काम आहे तुमचं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

हे तुमचं म्हणणं. शब्द न् शब्द तुमचा, गाडीत शेव खात खात मला शंभरदा ऐकवलेला, आणि मी शंभरदा उडवून लावलेला. तुम्ही माझी बाजू स्वतः घेतलीत आणि तुमची मला पाठ करायला दिलीत. ड्राफ्ट्समन लोकांच्या सवयीप्रमाणे कागदाच्या कोपऱ्यात तुम्ही चौकट आखून तारीख घातली होती. ती आपल्या शेवटच्या तालमीच्या तीन महिने आधीची होती. म्हणजे मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले, तेव्हा दारामागच्या नळीत हे तयार होतं. तुम्हाला स्वतःचं काय होतंय ते माहीत होतं, मला काय वाटतं तेही माहीत होतं, आणि तुम्ही चष्मा पुसत बसलात. रियाला मी विचारलं. तिनं मान हलवली. तुमचं विस्मरण वाढत जाणार असं डॉक्टरनं वसंतातच सांगितलं होतं, आणि कुणाला सांगायचं नाही असं तुम्ही तिच्याकडून वदवून घेतलं होतंत.

प्रयोग होणार आहे. तुमची वाक्यं कुणी लिहिणार नाही, माणूस नाही आणि मशीनही नाही. पेनविकची जागा मोकळी राहील आणि प्रत्येकजण आधी तुमचे तीन शब्द म्हणेल, मग आपलं उत्तर. मार्गारेटबाईंना कळवलं, त्या साठाव्यांदा तुमच्या मटकन बसण्याची गोष्ट सांगून रडल्या आणि म्हणाल्या, मी ड्राइव्ह करून येईन, मराठी कळत नसलं तरी.

त्या रविवारी मी तुम्हाला घरी सोडायला हवं होतं. गाडीत तुम्ही कदाचित स्वतःहून सांगितलं असतंत. त्यावर मी काय म्हटलं असतं, याचा मी रोज विचार करते. डॉक्टर बदला म्हटलं असतं, गोळ्या कोणत्या विचारलं असतं, नाटक पुढे ढकला म्हटलं असतं. मला बिघाड दिसला असता आणि मी तो दुरुस्त करायला धावले असते. तुम्ही लिहिलंत ते मला सुचलं नसतं. म्हणून लिहून ठेवलंत बहुतेक.

माझं पाठ झालंय, काका. भांडी घासताना, ऑफिसला जाताना म्हणून पाहते, एक अक्षर चुकत नाही. पाच आठवड्यांनी मी विंगेकडे तोंड करून, एका रिकाम्या स्टुलाकडे बघत, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणणार आहे. लोकांना वाटेल, एलायझा आपल्या नवऱ्याशी बोलतेय. वाटू दे.